बिनगेटचं घर

त्या दिवसांत नंदकुमार कडू राहायचे बुऱ्हाणपूरच्या लालबागेत आणि ड्यूटी करायचे मेलबर्नला.

आमची नि त्यांची भिंत एकच आहे, त्यामुळे हे मी खात्रीनं सांगू शकतो. शिवाय कडूकाकांची सगळी नोकरी कागदाच्या मिलच्या गेटवर गेली. आत मशीन चालू, बाहेर ट्रक चालू आणि मध्ये उभं राहून माणसाला थांबवायचं, अशा जागी ज्याचा गळा तयार झाला त्याला हळू बोलता येत नाही. काका बायकोकडे मीठ मागतात तेव्हा आमच्या घरातही कुणीतरी मीठ शोधायला उठतं.

तर ड्यूटी. सकाळी आंघोळ, पूजा, चहा झाला की काका बूट चढवायचे. वर बनियन, खाली पायजमा आणि पायात पॉलिश मारलेले काळे बूट. मग पुढच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर ताठ बसायचे. समोर स्टूल, स्टुलावर मुरमुऱ्यांचा डबा, डब्याला टेकवलेला मोबाइल. मोबाइलमध्ये मुलाच्या, म्हणजे रितेशच्या, मेलबर्नच्या घराचं अंगण.

“बूट कायले?” प्रतिभाकाकू विचारायच्या. “तिकडच्या लोकांना तुमचे पाय दिसतात का?”

“मले तर दिसतात न,” काका म्हणायचे. “चपलेत ड्यूटी होत नाही.”

हे घर मेलबर्नच्या अगदी टोकाला आहे. शहर जिथं संपता संपता थकतं आणि शेतं सुरू होतात, त्या बाजूला. वस्तीचं नाव काका बरोबर उच्चारतात, मी चुकतो, म्हणून लिहीत नाही. रितेश तिथं एका गोदामात दुपारच्या पाळीला सुपरवायझर आहे आणि त्याची बायको रश्मी म्हाताऱ्या माणसांच्या एका केअर होममध्ये काम करते. दोघांनी बँकेचं कर्ज काढून घर घेतलं. घर घेतल्याबरोबर रितेशनं व्हिडिओ कॉल लावून सगळं फिरवून दाखवलं. विटांचं बैठं घर, राखाडी कौलं, दोन गाड्या मावतील असं शटर, पुढं हिरवळीचा पट्टा, काठीवर बसवलेली पत्रपेटी. गल्लीतले आम्ही सगळे काकांच्या मागं उभे राहून ‘वा वा’ करत होतो. काका मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन काहीतरी शोधत होते.

“कसं वाटलं, पप्पा?”

“घर छान ए. पण गेट कुठं ए?”

“गेट नाही, पप्पा.”

“म्हणजे अजून बसवायचं ए?”

“बसवायचंच नाही. इथं पुढच्या बाजूला गेट, कंपाउंड असलं काही बांधूच देत नाहीत. सगळ्यांचं मोकळंच असतं.”

“सगळ्यांचं?” काकांनी आमच्याकडे वळून पाहिलं, जणू आम्हीच तो नियम केला होता. “मग चोरांना समजते कसं, कुठून शिरायचं?”

ज्या माणसानं उभं आयुष्य गेटवर काढलं, त्याच्या एकुलत्या एक मुलानं बिनगेटचं घर घ्यावं, हे काकांच्या जिव्हारी लागलं. आठवडाभर ते जेवले, पण चव सांगितली नाही. मग एक दिवस इतवाऱ्यातल्या एका वेल्डरकडे गेले आणि फोटोवरून अंदाजे माप देऊन लोखंडी गेटचा भाव विचारून आले. वेल्डरही आपला बुऱ्हाणपूरचाच. त्यानं विचारलं, “चाचा, फिटिंग के लिए लड़का भेजना पड़ेगा क्या?”

हे रितेशच्या कानावर गेलं तेव्हा तो घाबरला. बाप खरंच गेट पाठवील, ही शक्यता त्याला नाकारता येईना. त्यानं दाराशेजारी कॅमेऱ्याची बेल बसवून घेतली. दारासमोर काही हललं की काकांच्या मोबाइलवर टुण्ण वाजणार, काकांना इथून सगळं दिसणार आणि बटण दाबलं की बोलतासुद्धा येणार. “हेच आता गेट समजा,” रितेश म्हणाला.

मुलं बोलताना विचार करत नाहीत. काकांनी समजलं.

पुढच्या वर्षभरात त्यांना त्या रस्त्याची जेवढी माहिती झाली तेवढी लालबागेची नव्हती. आमच्या गल्लीत नवा भाडेकरू आला तर काकांना महिन्यानं कळायचं. पण तिकडे समोरच्या मोकळ्या माळावर नव्या घराचा लाकडी सांगाडा उभा राहिला की दुसऱ्या दिवशी आम्हाला बातमी. “आधी लाकडाचा पिंजरा करतात, मग बाहेरून विटा चिटकवतात. आतून सगळं पोकळ. हे काय घर ए?” लाल झाकणाचा कचऱ्याचा डबा कधी, पिवळ्याचा कधी, हिरव्याचा कधी, हे रितेशला आठवायचं नाही, काका इथून आठवण द्यायचे. पत्रपेटीत जाहिरातींचे कागद साचले की ओरडायचे. त्या कागदाची जात बघून म्हणायचे, “आपल्या मिलचा असता तर पावसात एवढा टिकला नसता,” आणि यात त्यांना अभिमान होता की दुःख, ते समजायचं नाही.

त्या रस्त्यावर माणसंच दिसत नाहीत, याचं त्यांना फार वाटायचं. फूटपाथ ताटासारखा स्वच्छ आणि वर कुणी नाही. शटर आपोआप वर जातं, गाडी बाहेर निघते, शटर खाली येतं. “माणूस घरातून निघतो कधी नि गाडीत बसतो कधी, काही पत्ता नाही लागत. एकमेकांचं तोंड पाहायचंच नाही अशी सोय करून ठेवली ए.” दिवसभर वारा, काठीला बांधलेलं कोवळं निलगिरीचं झाड आणि काळे-पांढरे, कावळ्याहून दांडगे पक्षी. ते पक्षी सायकलवाल्यांच्या डोक्यावर झडप घालतात, हे पाहून काका खूश झाले होते. कुणीतरी ड्यूटी करत होतं.

एका सकाळी माळ ओलांडून एक जनावर अंगणात आलं आणि हिरवळ खायला लागलं.

“अगं, ये लवकर!” काका ओरडले. “हे काय ए? ससा ए का गाढव ए?”

काकूंनी पदराला हात पुसत पाहिलं. “दोन्ही असंल. तिकडं सगळं मोठंच राहते.”

काकांनी बटण दाबलं. “ए! चल! पुढं हो!” कांगारूनं कान टवकारले, दाराकडे पाहिलं आणि टणाटण निघून गेलं. त्या दिवशी काका संध्याकाळी स्टेशनपर्यंत फिरायला गेले आणि भेटेल त्याला सांगत आले.

शेजारच्या घरात शेरिल नावाची सत्तरीची बाई एकटी राहते. ती कुत्रा फिरवायला निघाली की काका म्हणायचे, “नमस्ते, शेरिलबाई.” पहिल्या दिवशी ती दचकली. दुसऱ्या दिवशी तिनं इकडे तिकडे पाहिलं. पुढं ती स्वतःच थांबून दाराकडे बघत “नमस्टे, मिस्टर काडू” म्हणायला लागली. मग काका इंग्रजीत हवामान विचारायचे, ती हवामान सांगायची, जे काकांना समोर दिसतच असायचं.

“मले कधी विचारलं का एवढ्या प्रेमानं, कशी आहेस म्हणून?” काकू आतून.

“तू समोरच राहतेस न.”

“मग मी बी दोन घर सोडून राहाले जाते. तेव्हा विचारजा.”

आणि रोज आपल्याकडे जेवणाची वेळ झाली की तिकडे संध्याकाळ व्हायची. रश्मी केअर होममधून परत यायची. टुण्ण. काका सावरून बसायचे.

“आलीस का बेटा?”

“हो, पप्पा.”

“आज उशीर झाला?”

“ट्रेन लेट होती.”

“पिशवीत काय ए?”

“भाजी आहे, पप्पा. आणि दूध.”

“हां. जा मग आत.”

रश्मी किल्ली फिरवून आत जायची आणि काका पानावर बसायचे. रोज हेच. आम्हाला भिंतीपलीकडे पाठ झालं होतं. माझी आई म्हणायची, “किती काळजी करतात सुनेची.” मलाही तसंच वाटायचं. कुणाला वेगळं काही वाटू शकतं, हे आमच्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मग सोफ्याचं झालं.

तिकडे वर्षातून एकदा घरातलं जुनं सामान बाहेर हिरवळीवर काढून ठेवतात, नगरपालिकेची गाडी येऊन उचलून नेते. गाडी यायच्या आधी ज्याला जे पाहिजे ते त्यानं खुशाल न्यावं. तशी तिकडची रीत आहे. काकांना रस्त्यावरचं सगळं माहीत होतं, हे तेवढं नव्हतं. त्यांना काय दिसलं, तर शेरिलबाईंचा सोफा, एक उभा दिवा आणि दोन खुर्च्या बाहेर पडलेल्या. बाई घरात दिसत नाहीत. गाडीही नाही. काकांनी सकाळपासून त्या सोफ्यावर नजर ठेवली. आपल्याकडे शेजाऱ्याचं धान्य अंगणात वाळत असलं तर आपण कोंबडी हाकलतोच की.

थोड्या वेळानं एक व्हॅन आली. दोन दांडगे तरुण उतरले, त्यांनी सोफ्याला दोन्ही बाजूंनी हात घातला आणि उचलला.

मिलच्या गेटचा एकच कायदा होता. आतली वस्तू बाहेर जाते तेव्हा पास पाहिजे. कागदाचं रीळ असो की तुटका झाडू. काकांनी मोबाइल तोंडाजवळ धरला आणि अख्ख्या नोकरीत जेवढा काढला नसेल तेवढा आवाज काढला.

“ए भाईसाहब! रुको! किसका सामान है? गेटपास किधर है?”

आमच्या घरी भांडं पडलं. तिकडे काय झालं ते काकांनी नंतर सांगितलं. दोघं पोरं जागच्या जागी थिजली. रस्त्यावर माणूस नाही, आवाज मात्र कुठल्याशा भाषेत चारी बाजूंनी येतोय. काकांना वाटलं, इंग्रजीत सांगावं. “गेटपास! शो गेटपास! आय ॲम सिक्युरिटी!” हा शेवटचा शब्द पोरांना कळला. त्यांनी सोफा तिथंच अर्धा फूटपाथवर, अर्धा रस्त्यावर टाकला आणि व्हॅन घेऊन पसार झाली.

त्या दुपारी काका दोन पोळ्या जास्त जेवले.

संध्याकाळी, म्हणजे त्यांच्या संध्याकाळी, शेरिलबाई रितेशच्या घरी आली. ती चिडली नव्हती. तिला कुतूहल होतं. सोफा न्यायला तिनं स्वतःच्या भाच्याला बोलावलं होतं. तो फोनवर सांगत होता की शेजारचं दार माझ्यावर ओरडलं, मी पुन्हा तिकडे येणार नाही. तर तुमचं दार असं का करतं, एवढंच तिला विचारायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मोबाइलवर अंगण दिसेना. काकांनी मोबाइल बंद करून चालू केला, चार्जर काढून घातला, डब्याची जागा बदलली. शेवटी रितेशला फोन लावला, स्पीकरवर. स्पीकर लावायची खरं तर गरज नव्हती.

“पप्पा, मीच बंद केलंय,” रितेश म्हणाला. “तुमच्या मोबाइलवरून काढलंय ते.”

“सोफ्यामुळं? मी शेरिलबाईंची माफी मागतो न. तिच्या त्या भाच्याचीही मागतो. नंबर दे.”

“तसं नाही, पप्पा...” आणि रितेश अडकला. हा मुलगा लहानपणापासून असाच आहे, वाक्याच्या मध्यात उभा राहतो नि कुणीतरी येऊन त्याला पलीकडे नेण्याची वाट बघतो.

मागून रश्मी बोलली. “पप्पा, सोफ्याचं काही नाही. मी सांगितलं रितेशला.”

काकांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“तुमच्यावर राग नाही, पप्पा. पण रोज थकून घरी येते आणि दारात उभं राहून सांगावं लागतं, उशीर का झाला, पिशवीत काय आहे. माझ्याच घराच्या दारात. मला ते नको वाटतं.”

“बरं,” काका म्हणाले. भिंतीपलीकडे आम्हाला जेमतेम ऐकू आलं. ते हळू बोलू शकतात, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

मग काका रिटायर झाले. मिलमधून झाले होते तेव्हा हार, नारळ, शाल होती. ह्या वेळी काही नाही. बूट पलंगाखाली गेले. ते कॅमेरा परत मागतील असं आम्हाला वाटलं होतं, पण त्यांनी रितेशला पुन्हा एका शब्दानं विचारलं नाही. मागायची इच्छा मात्र अशी तोंडावर दिसायची की फोन वाजला की काकू आधी त्यांच्याकडे बघायच्या.

ह्या काळात गल्लीचे हाल झाले. रिकामा गेटमन फार वाईट. काका खुर्ची घेऊन ओट्यावर बसायला लागले. माझ्याकडे आलेल्या पार्सलवाल्याला त्यांनी “कोण पाठवलं? काय ए आत?” विचारलं, तो बिचारा म्हणाला, “अंकल, मेरे को क्या मालूम,” तर म्हणाले, “मालूम नहीं और लेके घूम रहा है?” गल्लीतल्या एका पोरीची मैत्रीण अभ्यासाला यायची ती यायची बंद झाली. काकूंनी वैतागून त्यांना पिशवी देऊन भाजीला पाठवलं, तर भाजीवाल्याशी वजनकाट्यावरून भांडून रिकामे आले.

शेवटी काकू माझ्याकडे आल्या. “यांले जैनाबादले सोडून ये गाडीवर. गिरधरभाऊजींकडे. दिवसभर तिकडंच राहू दे.”

गिरधर हे काकांचे मिलमधले दोस्त. ते मशीनवर होते. नोकरी सोडून तापीपलीकडे जैनाबादला आपल्या केळीच्या बागेत रमले. आम्ही पोचलो तेव्हा कापणी चालू होती. माणसं खांद्यावर घड घेऊन ट्रॅक्टरकडे जात होती. गिरधरकाकांनी आम्हाला पानांच्या सावलीत बसवलं आणि स्वतःचा जेवणाचा डबा पुढं ठेवला. काकांचा हात आपोआप पुढं गेला. त्यांनी डबा जवळ ओढला, झाकण काढलं, आत पाहिलं, परत झाकण लावलं.

गिरधरकाका हसायला लागले. “झाली चेकिंग? जाऊ का घरी?”

काकाही हसले. मग बोलता बोलता मेलबर्नचं सगळं निघालं. सोफा, भाचा, रश्मी. “मी काय वाईट केलं, गिरधर? पोरगी एकटी येते. रितेश पाळीवर. दारात कोणी विचारणारं पाहिजे का नाही?”

गिरधरकाकांनी भाकरीचा तुकडा मोडला. “नंदू, तुले एक सांगतो, राग मानू नको. रोज सुट्टी झाली का तू माझा डबा उघडायचा.”

“ड्यूटी होती. सगळ्यांचा उघडायचो. मॅनेजरचाही उघडला असता.”

“मॅनेजरची गाडी होती. तिले तू सलाम ठोकायचा.”

“ते वरतून ऑर्डर होती.”

“असंल. मले तुझा राग नव्हता, दोस्त होता तू. रिकामा डबा, त्यात मी काय मिल भरून नेणार होतो? पण गेटापाशी आलो का हात आपोआप वर व्हायचे. एकदा सासरी गेलो, तर दारात हात वर करून उभा राहिलो. सासू विचारते, जावईबापू, आंग दुखते का?” ते हसले, मग थांबले. “दिवसभर काम करायचं, आणि घरी जायच्या आधी दाखवायचं का मी चोर नाही. तुले समजतच नव्हतं, कारण तू दुसऱ्या बाजूनं उभा होता.”

“मग तेव्हा बोलला का नाहीस?”

“तुले बोलून काय? रोज तुझ्याच संग गाडीत बसून घरी जायचं होतं.”

काकांनी पुढ्यातली भाकरी मोडली. भाकरी त्यांनी खाल्ली, पण मला वाटतं, तिखट होती का गोड ते त्यांना सांगता आलं नसतं.

परत येताना तापीच्या पुलावर त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. “थांबव.”

मी गाडी कठड्याला घेतली. केळीचे ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते. काकांनी रश्मीला फोन लावला, सवयीनं स्पीकरवरच.

“पप्पा? काय झालं? एवढा आवाज कसला?”

“पुलावर ए.”

“पुलावर कशाला?”

“घरी तुझी मम्मी ऐकते.” एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. काकांनी तो जाऊ दिला. “बेटा, एक सांगायचं होतं. तुझ्या पिशवीत काय ए, ते मी आता विचारणार नाही. कधीच. ते माझं चुकलं. तो कॅमेरा तसाच बंद राहू दे.”

 मला वाटलं लाइन गेली. काकांनाही वाटलं, त्यांनी मोबाइल डोळ्यांसमोर धरून पाहिला, परत तोंडाजवळ धरला.

“पप्पा,” रश्मी म्हणाली, “मला तुम्ही बोललेलं नको होतं असं नाही. इथं दिवसभर मी सगळ्यांना विचारते, जेवलात का, झोप झाली का. मला कोणी विचारत नाही. घरी येते तर अंधार. पण तुम्ही आधीच दारात उभे असायचात. मी आत जायच्या आधी.”

“हां.”

“असं करू या का? एरवी कॅमेरा बंदच राहील. पण मी बेल दाबली तर तुमच्याकडे फोनसारखी रिंग वाजेल. तेव्हा उचला. मला वाटलं तर वाजवीन. नाही वाजवली तर समजायचं, आज थकलेय किंवा नुसतंच बोलायचं नाहीये. मग फोन करून विचारायचं नाही, का नाही वाजवली.”

काकांनी पुलावरच, ट्रकच्या धुरात, मान हलवली. ती तिला दिसत नव्हती हे लक्षात आल्यावर म्हणाले, “मंजूर. आणि दुसऱ्या कोणी वाजवली तर?”

“तर तुम्ही आहातच गेटवर,” रश्मी हसली. “पण गेटपास मागायचा नाही.”

ते मंजूर करायला त्यांना जरा वेळ लागला, पण केलं.

रितेशनं दुसऱ्याच दिवशी बेल जोडून दिली. आणि बेल वाजली नाही.

त्या दिवशी नाही, पुढच्या दिवशी नाही. जेवणाच्या वेळी काका मोबाइल समोर घेऊन बसायचे. आमटी गार व्हायची. काकू म्हणायच्या, “एक फोन तर करून पाहा. मीच करते.” काका त्यांच्या हातातून मोबाइल काढून घ्यायचे. “नाही. बोलणं झालं ए.” मिलच्या दारात बेकायदा रीळ अडवणं सोपं होतं, नेणाऱ्याला दंड पडायचा, काकांना शाबासकी मिळायची. हे कुणी पाहतही नव्हतं. एका दुपारी मोबाइल वाजला तर काका असे उठले की खुर्ची पडली. कर्ज देणाऱ्या कुठल्याशा बाईचा फोन होता. काकांनी तिला एवढं झापलं की ती स्वतःच ‘सॉरी सर’ म्हणाली.

मग आठवडा उलटला आणि काका मोबाइलकडे बघायचं जरा विसरायला लागले. गल्लीत एका घरी बारसं होतं, तिथं जाऊन मांडववाल्याशी हुज्जत घालून आले. त्यात त्यांना जरा बरंही वाटलं असावं.

त्यानंतर एक दिवस मी त्यांच्याकडे वर्तमानपत्र द्यायला गेलो होतो. काका पानावर, हात भातात. मोबाइल वाजला. वेगळीच रिंग, मंदिरातल्या घंटेसारखी. काका तसेच बसून राहिले. खरकटा हात हवेत. आता वाजल्यावर काय करायचं, हे ठरवायचं राहूनच गेलं होतं.

“उचला!” काकू ओरडल्या, आणि त्यांनीच उचलला.

तिकडे अंधार पडला होता. दारावरच्या दिव्याच्या उजेडात रश्मी पायरीवर बसलेली होती, चक्क बसलेली, पर्स बाजूला, पाय पुढं पसरून. मागं रस्ता, समोरच्या माळावर आता पूर्ण झालेलं घर आणि त्यात एक खिडकी उजळलेली.

“जेवताय का, पप्पा?”

“हां. म्हणजे झालंच. बोल बेटा.”

रश्मी बोलायला लागली. केअर होममधल्या एका आजींनी आज तिला स्वतःची मुलगी समजून दिवसभर हात सोडला नव्हता. त्यांना भरवताना, औषध देताना, दुसऱ्यांकडे जाताना, सतत एक हात त्यांच्या हातात. “डाव्या हातानं सगळं केलं मी आज,” ती म्हणाली. “आणि सुटताना त्यांना खोटं सांगितलं, भाजी घेऊन येते म्हणून.”

काका काही विचारू बघत होते. त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी ते मिटले आणि नुसतं “हं” म्हटलं. पुन्हा “हं”. मी त्यांना इतकं कमी बोलताना कधी पाहिलं नव्हतं.

“असं का?” काकू मोबाइलमध्ये घुसल्या. “माझ्या आईचंही शेवटी असंच झालं होतं गं. मले ती तिची मोठी नणंद समजायची. आणि नणंदेचं सगळं वाईट माझ्याच तोंडावर बोलायची.”

रश्मी हसली. काकू मोबाइल घेऊन उठल्या आणि बोलत बोलत स्वयंपाकघरात गेल्या.

“अगं, पण मी बोलत होतो न,” काका म्हणाले.

“जेवा तुम्ही,” काकूंचा आवाज आला. “हे आमचं चालू ए.” आणि त्यांनी आतून दार लोटून घेतलं.

आतून दोघींचं हसणं ऐकू येत होतं, एक इथली, एक तिथली. काका दाराकडे पाहत राहिले. दोन पावलांवर होतं, कडीही लावलेली नव्हती. त्यांनी हात पुढं करून आमटीचं पातेलं ओढलं, गार झालेली आमटी भातावर घेतली आणि मला म्हणाले, “बस. त्यांना वेळ लागंल.”